रुग्णालय नीट चाललंय की नाही, हे आपण कशावरून ओळखायचं? (ठाणे – नवी मुंबई)

पारसिककर

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. राज्य सरकारने आरोग्य सेवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि चर्चा तिकडे वळली. कळवा मागे पडलं.

त्या १८ जणांचा न्यायनिवाडा इथे करायचा नाही, तेवढी माहिती आपल्या कोणाकडेच नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट सतत मनात आहे. ठाण्यात राहणारा माणूस जवळच्या रुग्णालयाबद्दल काय जाणतो? इमारत जुनी की नवी, गर्दी किती, शेजारच्या काकांना काय अनुभव आला, आणि एखाद्या भयंकर दिवशी पेपरात छापून आलेला आकडा. एवढंच. वर्षाचे बाकीचे दिवस तिथे काय होतं याचा पत्ता नसतो.

कळव्याच्या बाबतीत काही गोष्टी तेव्हा बातम्यांत आल्या होत्या. मृतांपैकी १२ जण पन्नाशीच्या पुढचे होते. ठाणे शहराबरोबर कल्याण, शहापूर, भिवंडी, उल्हासनगरहून आलेले रुग्ण त्यात होते. रुग्णालय ५०० खाटांचं. त्याच सुमारास ठाण्याचं सिव्हिल, म्हणजे विठ्ठल सायन्ना रुग्णालय, जुनी इमारत पाडून ९०० खाटांचं नवं बांधायचं म्हणून मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं होतं आणि तिकडचा बराच भार कळव्यावर आला होता. या सगळ्याचा त्या आकड्याशी संबंध आहे. किती आहे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

माझं म्हणणं असं: मृत्यूंचा एकच आकडा फेकून रुग्णालयाला बदनामही करू नये आणि ‘गंभीर रुग्ण होते’ एवढं बोलून त्याला सोडूही नये. आकडे नीट फोडून, दर महिन्याला, लोकांपुढे यायला हवेत. कोणते आकडे, यावर इथल्या जाणकारांनी लिहावं.

उपवन

आकड्यांनी काय होणार? माझ्या वडिलांना महापालिकेच्या एका रुग्णालयात ठेवलं होतं. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलणार नाही. पण रात्री सलाईन संपलं तर आम्हीच उठून सिस्टरना शोधायचं. औषधाची चिठ्ठी आम्हीच घेऊन बाहेरच्या मेडिकलला जायचं. माणूस बरा होऊन घरी आला, म्हणजे तुमच्या तक्त्यात ‘यशस्वी’. त्या रात्री कुठल्या रकान्यात लिहिणार?

पारसिककर

उपवन, त्या रात्री रकान्यात याव्यात म्हणूनच तर धागा काढला. ‘किती रुग्णांना बाहेरून औषध आणायला सांगितलं’ हे मोजता येतं. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा बंद झाले. महापालिकेच्या रुग्णालयांचा कारभार वेगळा. पण दोन्हीकडे बाहेरची चिठ्ठी हातात पडली की मोफत या शब्दाला अर्थ उरत नाही. ती चिठ्ठी कुठेच नोंदली जात नाही, ही खरी गोम आहे.

आकडेमोड

नोकरीत हेच करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

समजा दोन रुग्णालयं आहेत. आकडे मनातले आहेत, कुठल्याही खऱ्या रुग्णालयाचे नाहीत. दोन्हीकडे वर्षाला १००० रुग्ण भरती होतात. पहिल्यात ९०० साधे आणि १०० अत्यवस्थ. साध्यांतले ९ दगावले, अत्यवस्थांतले १५. एकूण २४, म्हणजे २.४ टक्के. दुसऱ्यात ४०० साधे आणि ६०० अत्यवस्थ. साध्यांतले २ गेले, अत्यवस्थांतले ६०. एकूण ६२, म्हणजे ६.२ टक्के. पेपरात मथळा येईल की दुसऱ्या रुग्णालयात अडीचपट मृत्यू. आता पुन्हा बघा. साध्या रुग्णांत पहिल्याकडे १ टक्का, दुसऱ्याकडे अर्धा. अत्यवस्थांत पहिल्याकडे १५ टक्के, दुसऱ्याकडे १०. दोन्ही गटांत दुसरं रुग्णालय सरस आहे. माझ्या घरच्या माणसाला काही झालं तर मी डोळे मिटून दुसऱ्याकडे नेईन.

सरकारी रुग्णालयांची अवस्था बहुतेकदा त्या दुसऱ्यासारखी असते. खासगीत पैसे संपले की व्हेंटिलेटरवरचा रुग्ण अँब्युलन्समध्ये घालून सरकारीत आणला जातो आणि मृत्यूची नोंद सरकारीच्या खात्यात पडते.

त्यामुळे रुग्ण आला तेव्हा किती आजारी होता, हे धरूनच दर काढावा लागतो. इंग्लंडमध्ये ब्रायन जार्मन यांनी नव्वदच्या दशकात अशी पद्धत बसवली: वय, आजार, तातडीची भरती की ठरवून केलेली, हे सगळं हिशेबात घेऊन अपेक्षित मृत्यू काढायचे आणि प्रत्यक्ष मृत्यू त्यांच्याशी ताडून बघायचे. स्टॅफर्डच्या रुग्णालयात याच पद्धतीने आकडा जास्त आला. व्यवस्थापनाने नोंदणीच्या पद्धतीत चूक असल्याचं सांगत आकड्यावरच शंका घेतली. रुग्णांचे नातेवाईक मात्र वॉर्डातल्या हालांबद्दल ओरडून सांगत होते. अखेर सार्वजनिक चौकशी झाली, २०१३ मध्ये अहवाल आला आणि नातेवाईक खरं बोलत होते हे सिद्ध झालं. म्हणून आकडा आणि तक्रार एकाच टेबलावर ठेवून वाचायला हवं. एकाने दुसऱ्याला खोडायचं नाही.

रात्रपाळी

निवासी डॉक्टर आहे. कुठे, ते सांगत नाही.

आकडेमोड यांनी लिहिलेलं रोज बघतो. कॅज्युअल्टीत गॅस्पिंग, म्हणजे अखेरचे श्वास घेणारा रुग्ण येतो. चिठ्ठीवर एका ओळीत ‘रेफर टू हायर सेंटर’. काय दिलं, कधी दिलं, बीपी किती होतं, काही नाही. आधी फोनही नाही. आम्ही अंबू मारत, म्हणजे हाताने पिशवी दाबून श्वास देत, बेड शोधतो. अर्ध्या तासात तो गेला तर मृत्यू आमच्याकडचा.

जुन्या हिशेबाच्या पद्धतीतही यासाठी एक सोय आहे. भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आतले मृत्यू वेगळे काढायचे आणि त्यानंतरचे वेगळे. पहिल्या आकड्यात रुग्ण कोणत्या अवस्थेत पोचला हे जास्त दिसतं, दुसऱ्यात आमची शुश्रूषा. पण पहिल्या आकड्यावर आम्ही हात झटकावेत असंही नाही. कॅज्युअल्टीत आल्यापासून डॉक्टरने हात लावेपर्यंत किती वेळ गेला, हे आमच्याच हातात आहे.

आता भीती सांगतो. महिन्याचा मृत्यूदर फलकावर लावला की तो फोटो रात्रीत सगळ्या मोबाईलवर फिरेल. दुसऱ्या दिवशी वॉर्डात वीस-पंचवीस जण जमतील. रुग्णालयांवरचे हल्ले रोखायला २०१० चा कायदा आहे, पण रात्री अडीच वाजता वॉर्डात कायदा येत नाही, एक सुरक्षारक्षक येतो. मी आणि माझी मैत्रीण, दोघांनीही मार खाल्ला आहे. पारदर्शकता हवीच. पण तिची किंमत सगळ्यात खालच्या पायरीवरच्या डॉक्टरने आणि सिस्टरने मोजायची का, याचं उत्तर आधी द्या.

घणसोली

रात्रपाळी, तुमचं म्हणणं पटलं आणि वाईटही वाटलं. नवी मुंबईतून लिहिते. आमच्याकडे लोकांचं सारखं एकच, ‘वाशीला न्या’. ऐरोली आणि नेरूळला महापालिकेच्या मोठ्या इमारती झाल्या, तरी वाशीचा भार पटकन हलला नाही. इमारत आली म्हणून भूलतज्ज्ञ येतोच असं नाही ना. रात्री सिझर होईल का, एवढं एक जरी प्रत्येक रुग्णालयाने रोज सांगितलं तरी बाळंतिणीची अर्धी वणवण वाचेल.

निवृत्त सिस्टर

सगळे प्रतिसाद वाचले. मी जनरल वॉर्ड, लेबर रूम, आयसीयू, तिन्हीकडे नोकरी काढली. मला विचाराल तर वॉर्डाची प्रत मी तीन-चार गोष्टींवरून सांगेन, आणि त्यातली एकही इमारतीशी संबंधित नाही.

रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती सिस्टर, ही पहिली. आयसीयूत व्हेंटिलेटरच्या रुग्णामागे एक सिस्टर हवी असं नर्सिंग कौन्सिलचं मानक सांगतं. जनरल वॉर्डात एकट्या सिस्टरच्या अंगावर दोन वॉर्ड असतील तर उपवन यांच्या वडिलांचं सलाईन संपल्याचं तिला कळणार कसं? ती आळशी नसते हो. ती दुसऱ्या टोकाला कोणाचं तरी रक्त चढवत असते.

दुसरी, बेडसोअर. भरती होताना पाठ कोरी होती आणि आठ दिवसांनी जखम झाली, तर त्या वॉर्डात रुग्णाला कूस बदलून देणारं कोणी नव्हतं. याला मशीन लागत नाही, महागडं औषध लागत नाही. दोन माणसं लागतात. मृत्यूच्या आकड्यापेक्षा मला या आकड्याचा जास्त भरवसा वाटतो.

तिसरी, ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवणं. पाळी बदलताना ओव्हर बेडजवळ उभं राहून दिली जाते की टेबलावरच्या रजिस्टरात सही करून? बेडजवळ दिली की नव्या सिस्टरच्या नजरेला रुग्ण पडतो. श्वास वाढलाय, लघवी झालेली नाही, पोट फुगलंय, हे तिथेच कळतं. अनेकांचा जीव याच पाच मिनिटांत वाचतो किंवा जातो. आणि इमर्जन्सी ट्रॉली. अॅड्रिनॅलिन आहे का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, सक्शन चालतं का. प्रत्येक पाळीला तपासून सही करायची असते. ज्या वॉर्डात सही आधीच करून ठेवलेली दिसते, तिथे माझ्या माणसाला मी ठेवणार नाही.

तपासणीबद्दलही लिहिते, कारण लोकांना ते फारसं ठाऊक नसतं. केंद्राची राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं आहेत, २०१३ पासून. त्यात आठ भाग: सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम. प्रमाणपत्रासाठी ७० टक्के गुण लागतात. २०१५ पासून स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ योजना आहे, २०१७ च्या डिसेंबरपासून लेबर रूमसाठी ‘लक्ष्य’ नावाची योजना आहे. तपासणी जवळ आली की रंगरंगोटी होते, फलक लागतात, हे खरं. तरी मी या मानकांच्या बाजूने आहे. लक्ष्यची तयारी करताना आमच्या लेबर रूममध्ये पहिल्यांदा प्रत्येक टेबलाला पडदा आला आणि सोबतीला घरची एक बाई आत येऊ लागली. त्याआधी बायका एकमेकींसमोर उघड्यावर बाळंत होत होत्या. त्या पडद्यासाठी आम्ही किती वर्षं मागे लागलो होतो! कागदावर गुण असल्याशिवाय तो आला नसता.

उपवन

सिस्टर, तुमच्या पोस्टनंतर त्या रात्रीकडे वेगळ्या नजरेने बघतोय. पण मग रुग्णांमागे किती सिस्टर हे रोज वॉर्डाबाहेर लिहायला काय हरकत आहे? त्याने कोणाला मार पडणार नाही. उलट नातेवाइकांना कळेल की राग कोणावर काढायचा.

रात्रपाळी

याला माझा पूर्ण पाठिंबा. ‘आज या वॉर्डात रुग्ण इतके, सिस्टर इतक्या, डॉक्टर इतके.’ खडूने लिहा. हा फलक आमची ढाल होईल.

शहापूरची वाट

शहरातल्या लोकांच्या चर्चेत गाव नेहमी ‘रेफर होऊन आलेला रुग्ण’ म्हणून येतं. तिकडची बाजू सांगतो. मी शहापूर–मुरबाड पट्ट्यात आरोग्याच्या कामात बरीच वर्षं आहे.

साप चावलेला माणूस पावसाळ्यात आमच्याकडे येतो. इथे सर्पदंशाची लस देऊन, श्वासावर लक्ष ठेवून अनेक जण बरे होतात. पण डॉक्टर एकटा असेल, रुग्णाचा श्वास अडकला तर नळी घालायला दुसरा हात नसेल, तर तो घाबरून पुढे पाठवतो. त्याला दोष देणं सोपं आहे. मी वेगळा प्रश्न विचारतो: पाठवण्याआधी लसीचा पहिला डोस दिला का? झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅगसल्फचा (झटके थांबवणाऱ्या इंजेक्शनचा) पहिला डोस देऊन १०८ मध्ये बसवलं का? की तशीच पाठवली? शहापूरहून कळवा गाठेपर्यंत भिवंडी बायपासला गाड्या अडकलेल्या असतात. तो डोस आमच्याकडेच द्यायचा असतो, कळव्यात पोचेपर्यंत त्याची वेळ टळून गेलेली असते. रात्रपाळी डॉक्टर म्हणतात त्या रिकाम्या चिठ्ठीत नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

म्हणून तुमच्या यादीत ‘रेफर’ हवंच. किती पाठवले, का पाठवले, पहिला उपचार करून पाठवले का, आणि पुढे त्यांचं काय झालं. शेवटची गोष्ट आम्हाला कधीच कळवली जात नाही. पाठवलेली बाई जगली की नाही हे तिच्या गावी गेल्यावर कळतं.

फलकाबद्दलही सांगतो. २००७ मध्ये आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख राज्यातल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात ठाणे होता. पालघर तेव्हा वेगळा नव्हता, तो २०१४ मध्ये झाला. गावातलीच माणसं उपकेंद्राची, प्राथमिक आरोग्य केंद्राची पाहणी करायची आणि प्रगतिपत्रक भरायची. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे अर्धवट, लाल म्हणजे वाईट. मग जनसुनवाई, अधिकारी समोर बसलेले. अक्षर न येणारी बाईसुद्धा लाल रंगावर बोट ठेवून विचारायची. डॉक्टरांना सुरुवातीला राग यायचा. नंतर तेच सांगू लागले, ‘औषधाच्या रकान्यात लालच राहू द्या, म्हणजे वरून साठा येईल.’ आदिवासी पाड्यांवर जे जमलं ते पाचशे खाटांच्या रुग्णालयांत का जमू नये?

घणसोली

अंगावर काटा आला वाचून. हे शहरात आणायलाच हवं.

आकडेमोड

शहापूरची वाट यांच्या मुद्द्याला जोडून. फक्त मृत्यू मोजू लागलो की रुग्णालयं मृत्यू टाळण्याऐवजी मृत्यूची नोंद टाळतात. अत्यवस्थ रुग्ण पुढे रेफर. किंवा नातेवाइकांची सही घेऊन ‘लामा’, म्हणजे सल्ल्याविरुद्ध घरी नेला. दोन्हीत माणूस दगावतो, पण त्या रुग्णालयाच्या खात्यात नाही. म्हणून मृत्यू, रेफर आणि लामा हे तीन आकडे सुटे कधीच छापू नयेत. एका महिन्यात मृत्यू घटले आणि लामा वाढले, तर तिथे अभिनंदन करायचं नसतं, जाऊन बघायचं असतं.

आणि एका दिवसाच्या, एका आठवड्याच्या आकड्यावरून काही ठरवू नये. छोट्या रुग्णालयात आकडे आपोआप वरखाली होतात. निदान बारा महिन्यांची रेघ बघावी.

महाराष्ट्राला मोजता येत नाही असं नाही. २०१८–२० च्या पाहणीत राज्याचं मातामृत्यूचं प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. केरळ १९ वर होतं, त्याच्यामागे आपणच. प्रत्येक मातामृत्यूचं अन्वेषण करायची पद्धत आहे, समितीसमोर केस वाचली जाते, उशीर कुठे झाला ते शोधलं जातं: घरी, वाटेत की रुग्णालयात. हीच शिस्त कॅज्युअल्टीतल्या आणि आयसीयूतल्या मृत्यूंना लावा एवढंच मागणं आहे.

निवृत्त सिस्टर

त्यात एक अट घाला. डेथ ऑडिटमध्ये दोषी शोधायला बसलात तर कोणी खरं लिहीत नाही. आम्ही सगळ्या जणी कागद ‘नीट’ करायच्या मागे लागायचो. शिक्षेची धास्ती नसेल तिथेच सिस्टर सांगते की इंजेक्शन चाळीस मिनिटं उशिरा मिळालं, कारण कपाटाची किल्ली इंचार्जकडे होती. मग किल्लीचा प्रश्न सुटतो. निष्काळजीपणा, पैसे मागणं, दारू पिऊन येणं, याला शिक्षा हवीच. ती वेगळी वाट.

पारसिककर

रात्रपाळी यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या चर्चेतच आलंय असं मला वाटतं. वॉर्डाच्या दारावर रोज बदलणारं लिहायचं: रुग्ण किती, सिस्टर किती, डॉक्टर किती, कोणती औषधं संपलीत, आज रात्री भूलतज्ज्ञ आहे का. आणि मृत्यू, रेफर, लामा हे महिन्याला, विभागवार, ४८ तासांच्या आतले-नंतरचे वेगळे करून, महापालिकेच्या आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या संकेतस्थळावर. पहिल्याने सेवा देणाऱ्याला संरक्षण मिळेल, दुसऱ्याने वर बसलेल्याला जाब विचारता येईल.

सुरुवात माहितीच्या अधिकाराने करावी म्हणतो. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून तीन वेगळे अर्ज: (अ) गेल्या बारा महिन्यांत महिनावार भरती, मृत्यू, रेफर, लामा, (आ) मंजूर आणि भरलेली परिचारिका पदं, रात्रपाळीच्या ड्यूटी लिस्टसह, (इ) अत्यावश्यक औषधांपैकी महिनावार किती संपली होती. रुग्णाचं नाव, पत्ता काहीही मागायचं नाही.

घणसोली

मी वाशी, नेरूळ, ऐरोलीसाठी करते. फी किती आणि कोणाच्या नावे?

आकडेमोड

अर्जाला १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही. महापालिकेच्या रुग्णालयासाठी तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या पदनावे अर्ज करा, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील, त्याची फी २० रुपये. (आ) मध्ये ‘ड्यूटी लिस्टच्या प्रती’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर नुसती पदसंख्या येते आणि रात्रीचं काहीच कळत नाही.

शहापूरची वाट

शहापूर आणि मुरबाडचे अर्ज माझ्याकडे. (अ) मध्ये एक ओळ वाढवतोय: ‘रेफर केलेल्या रुग्णांना पाठवण्यापूर्वी दिलेल्या उपचाराची नोंद ठेवली जाते का, ठेवली जात असल्यास नमुना प्रत.’ सिव्हिलचा अर्ज कोण घेतंय?

उपवन

सिव्हिल मी घेतो. शनिवारी देऊन पोच इथे टाकतो.